मुनशीजींचा शब्दांचा फेरफार

आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे एकेकाळी सात जण बसत. त्यांतले सहा जण कुठल्याही अर्जात ‘लवकरात लवकर’ हे शब्द लिहीत. सातवे मुनशीजी. ते लिहीत नसत. अर्जदाराने हट्टच धरला तर ते पेनाला टोपण लावत आणि म्हणत, “पयले याचा अर्थ धानाच्या रोवण्याच्या पयले असा होता. आता याचा अर्थ फाइल सापडून नाही राहिली असा आहे. तुमाले कोन्ता पाहिजे?” मग मुनशीजी त्या दोन शब्दांच्या जागी एक तारीख टाकत. ती तारीख कचेरी पाळत नसे, हे सांगायला नकोच. पण तारीख उलटून गेली की ती उलटली, एवढं तरी कळे. ‘लवकरात लवकर’ उलटून गेल्याचं आजवर कुणाला कळलेलं नाही.

त्यांचं खरं नाव परवान्यावर होतं आणि परवाना पेटीत होता. हिंदी बोलणारे, मराठी बोलणारे, साहेब, शिपाई, सगळे त्यांना मुनशीजीच म्हणत. करंजाच्या झाडाखाली एक घडीचं टेबल, एक पत्र्याची पेटी आणि समोर अर्जदारासाठी स्टूल. त्यांची स्वतःची खुर्ची त्या स्टुलापेक्षा चार बोटं ठेंगणी होती. पाय कापून घेतले होते म्हणे मुद्दाम. का, तर कचेरीत गेल्यावर अर्जदाराला उभंच राहायचं असतं, इथे तरी त्याने वर बसावं. खिशात दोन पेनं असत. निळं लोकांच्या अर्जांसाठी, लाल स्वतःच्या एका वहीसाठी.

मी एका राइस मिलच्या वजनकाट्यावर काम करतो. सव्वीस वर्षं झाली. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन आणि वजाबाकी, एवढंच माझं गणित. पण ते मी चुकवत नाही. मुनशीजींशी ओळख झाली ती घरच्या विजेच्या मीटरवरून. मीटर तीन महिने बंद होतं आणि बिल मात्र अत्यंत नियमाने येत होतं. अर्जाचा मसुदा मी स्वतःच करून नेला. सुरुवात होती ‘नम्र विनंती की’. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “तुमी नम्र आहात?” मी म्हटलं, नाही, मी चिडलोय. “मंग हा नम्र कोन आहे?” आणि तो शब्द त्यांनी खोडला. नंतर मी काय काम करतो ते विचारलं. आमच्याकडे ट्रकच्या वजनकाट्याला धरमकाटा म्हणतात, तसं मी सांगितलं. ते म्हणाले, धरम कोणत्या बाजूने चढतो आणि कोणत्या बाजूने उतरतो? मला असल्या प्रश्नांची सवय नाही. मी सरळ सांगितलं की ट्रक गेटाच्या बाजूने चढतो आणि गोदामाच्या बाजूने उतरतो, आणि काटा वेळच्या वेळी तपासला जातो. “तेच इचारलो,” ते म्हणाले. “ट्रक तं उतरते. धरम बी उतरते का?”

त्या दिवसापासून मी दर शुक्रवारी, काम संपलं की, त्या झाडाखाली अर्धा तास बसू लागलो. चहा माझा, बोलणं त्यांचं.

लाल पेनाची वही मला त्यांनी चौथ्या शुक्रवारी दाखवली. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की तलाठी फेरफाराची नोंद घेतो. मुनशीजी तशीच नोंद शब्दांची घेत. चार रकाने आखलेले होते: शब्द, जुना कब्जेदार, नवा कब्जेदार, शेरा. मी मोजल्या तेव्हा नोंदी दोनशे एकेचाळीस होत्या. ‘कार्यकर्ता’ या शब्दाचा जुना कब्जेदार काम करणारा आणि नवा कब्जेदार चौकातल्या फलकावर ज्याचा फोटो आहे तो. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘हरकत नाही’. ‘भूमिपूजन’ पूर्वी कामाच्या आधी होई, आता कामाऐवजी होतं. ‘गावरान’ म्हणजे शहरातला पाहुणा आला की जे लपवायचं, ते आता त्याच पाहुण्याला चढ्या भावाने विकायचं. ‘राजीनामा’ची नोंद फार जुनी होती. लिखाणाचं काम शिकवणाऱ्या त्यांच्या उस्तादांकडच्या जीर्ण दस्तांत राजीनामा म्हणजे दोन माणसं राजी झाल्याचा कागद असे. आता तो कुणाचंच पटेनासं झाल्यावर लिहितात. शेरा होता, ‘राजी निघून गेला, नामा घर सांभाळतो’.

ते बिरसीजवळच्या एका खेड्यातून येत. बिरसीला विमानं चालवायला शिकवतात, त्यामुळे त्यांच्या धानाच्या बांध्यांवर, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांवर, दिवसभर एखादं छोटं विमान गिरक्या घेत असतं. ‘विमान’ शब्दाची नोंद ओघानेच होती. जुना अर्थ: पुण्यवान माणसाला न्यायला येणारं, परत न आणणारं. नवा अर्थ: वर जाऊन पुन्हा त्याच जागी उतरणारं. शेऱ्यात त्यांनी लिहिलं होतं की नवा अर्थ बैलांना अजून मान्य नाही, ते बुजतात.

सर्वांत वेगाने बदललेला शब्द मात्र त्यांच्या मते ‘ऑनलाइन’ होता. बाकीच्या शब्दांना अर्थ बदलायला दोन-दोन पिढ्या लागल्या. हा शब्द तालुक्यात आला तेव्हा त्याचा अर्थ होता, कचेरीत यायची गरज नाही. दोन वर्षांत त्याचा अर्थ झाला, आज सर्वर बंद आहे, उद्या या. इतकी प्रगती आमच्या तालुक्याने दुसऱ्या कोणत्याच बाबतीत केलेली नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मुनशीजी भाषेच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी होते. तसे लोक आमच्याकडे पुरेसे आहेत. एक निवृत्त मुख्याध्यापक पेन्शनच्या कामाला आले की झाडाखाली बसून भाषा बिघडली, भाषा बिघडली, असा जप करत, आणि तो जप करताना ‘टोटल बिघडली’ म्हणत. मुनशीजी त्यांना म्हणाले, “बिघडत नाही गुरुजी. सबद हे वावरावानी आहे. आज ह्याच्या ताब्यात, उद्या त्याच्या. मी कायले रडू? मी फक्त नोंद घेतो. पन एक गोष्ट आहे. सबदाचा कब्जा बदलते तई कोनाचं तरी काहीतरी जाते. अना ज्याचं जाते, त्याले कोनी नोटीस देत नाही.” गुरुजींनी मान डोलावली आणि घड्याळ बघितलं. मीही डोलावली. मान डोलावणं म्हणजे समजणं, हीदेखील एक नोंद वहीत असायला हवी होती.

नोटीस द्यायचं काम मग ते स्वतःच करत. ते असं. अर्ज लिहून झाला की सही किंवा अंगठा घेण्याआधी ते तो मोठ्याने वाचून दाखवत. एकदा कचेरीच्या भाषेत, जसा लिहिला तसा. मग दुसऱ्यांदा, समोरचा ज्या बोलीत बोलतो त्या बोलीत. झाडीबोलीवाल्याला झाडीत, पोवारीवाल्याला पोवारीत; गोंडी त्यांना कामापुरती येई. दुसरं वाचन झालं की एकच प्रश्न, “हे तुमचं म्हननं होय का?” माणूस हो म्हणाला तर सही. नाही म्हणाला, किंवा नुसताच बघत राहिला, तर कागद टराटरा फाडून पेटीत. या पद्धतीमुळे बाकीचे सहा जण दिवसाला वीस-वीस अर्ज उरकत आणि मुनशीजींचे सातावर जात नसत. लोक त्यांना हळू म्हणत.

एकदा जंगलपट्टीतला एक म्हातारा समोरच्या टायपिंगच्या दुकानातून छापलेला अर्ज घेऊन आला. रानडुकरांनी धान खाल्लं होतं, भरपाई हवी होती. त्याला फक्त अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते विचारायचं होतं. मुनशीजींनी सवयीने तो वाचला. त्यात होतं, ‘वन्यप्राण्यांच्या उपद्रवामुळे पिकाचे अंशतः नुकसान झाले आहे’. दुकानात साच्यातच तसं आहे, सगळ्यांना तेच निघतं. मुनशीजींनी म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत सांगितलं की बाबा, यात लिहिलंय की डुकरांनी तुमचं धान थोडंसं खाल्लं. म्हातारा शांतपणे म्हणाला, “थोडंसं तं मी खाल्लो. डुकराइनं दोन बांध्या साफ केल्या.” अर्ज नव्याने लिहिला गेला. म्हाताऱ्याला भरपाई मिळाली की नाही ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. पण अर्धवट नुकसानीच्या भरपाईला रांगेत उभं राहण्यापासून तो वाचला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे संगणक आले आणि सातांचे चार झाले, चारांचे दोन, आणि शेवटी एकटे मुनशीजी. समोर टायपिंगची तीन दुकानं झाली. तिथल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ आपोआप छापून येते, ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो मला मान्य आहे’. वाचत कुणीच नाही, पण ओळ एकदाही चुकत नाही. मुनशीजींना आयुष्यभर जे करायला घसा कोरडा करावा लागला, ते यंत्राने एका ओळीत आणि विनाआवाज करून टाकलं.

आता माझ्या स्वतःच्या कागदाबद्दल. तो सांगितल्याशिवाय मुनशीजी सांगून होणार नाहीत.

बाबा गेले. साडेचार एकर जमीन. आई आधीच गेली होती. वारस दोन: मी आणि माझी मोठी बहीण. ताईला चोरखमारा गावाकडे दिली आहे. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं चढली, म्हणजे कागदोपत्री सव्वादोन-सव्वादोन एकर झाले. आमच्याकडे यापुढची पायरी ठरलेली असते. बहिणीला बोलावतात, लुगडं घेतात, हॉटेलात जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. त्या पत्रात ‘राजीखुशीने’ असा शब्द असतोच. मी आमच्या गावच्या एकसष्ट घरांचा हिशेब मनाशी केला. आमचं सोडलं तर त्यांतल्या एकाही घरात बहिणीचं नाव सातबाऱ्यावर टिकलेलं नव्हतं. इतक्या बहिणी इतक्या राजीखुशीने हक्क सोडतात, असं गाव दुसरीकडे सापडणं कठीण.

मी ताईला फोन केला. म्हटलं, एक सही पाहिजे होती. ती म्हणाली, बाबाचं नाव काढायचा कागद आहे ना? मी म्हटलं, तसंच काहीसं. मी खोटं बोललो नाही. बाबांचं नाव निघालेलंच होतं, आता तिचं निघणार होतं, काहीसं तसंच. माझ्यासारखा माणूस खोटं बोलत नाही, नेमके शब्द निवडतो. ताई म्हणाली, मंगळवारी येते, पहिल्या गाडीने.

दस्त मुनशीजींकडूनच करून घ्यायचा, हे मी स्वतः ठरवलं, आणि तीच माझी चूक. आमच्या शेजाऱ्याचा दस्त गट क्रमांकातल्या एका आकड्यासाठी परत आला होता. मुनशीजींचा दस्त कधीच परत येत नसे. मी आकड्यांकडे बघितलं आणि वाचनाची गोष्ट विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा, ते वाचन अडाणी लोकांसाठी असतं अशी माझी समजूत होती. मी इतकी वर्षं वजनं घेणारा, ताई चौथी शिकलेली, सही करता येणारी. आमच्या घरातल्या कागदाला कशाला वाचून दाखवायला हवं?

मंगळवारी ताई आली. हातात पिशवी, पिशवीत माझ्या मुलींसाठी मोहाचे लाडू. लुगडं मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवलं होतं, अंजिरी रंगाचं; ते पिशवीसकट येताच तिच्या हातात दिलं. मुनशीजींनी तिला स्टुलावर बसवलं, दस्त पुढे ओढला आणि पहिलं वाचन केलं. ताईने ते कीर्तन ऐकावं तसं ऐकलं, अधूनमधून मान हलवत. मला वाटलं, झालं. मग त्यांनी चष्मा पुसला.

“बाई, आता तुह्या बोलीत सांगतो. यात तू म्हनून राहिली का बाबाच्या वावरात माहा अर्धा हिस्सा आहे. तो मी काहीच न घेता भावाले सोडून देतो. आजपासून माहा, माह्या लेकराइचा, त्या वावराशी काही संबंध नाही. पुढं कई मागाले येनार नाही. हे मी राजीखुशीनं म्हनतो, कोनी सांगितलं म्हनून नाही.” ते थांबले. “हे तुहं म्हननं होय का?”

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलावरच्या कागदाकडे बघत होती.

“वावर तं भाऊच करते,” ती म्हणाली. “करू द्या. पन संबंध नाही म्हनून कायले लिवता?”

मुनशीजींनी तिला समजावून सांगितलं की बाई, हा कागद त्याचसाठी असतो. हिस्सा सोडायचा आणि संबंध ठेवायचा, असा कागद कचेरीत निघत नाही. ताईने विचारलं, मग रोवण्याच्या वेळी मी येते, ते कुणाच्या बांधीत? लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष सोडलं तर ती रोवण्याला दरवर्षी आलेली आहे, हे मलाही ठाऊक होतं. मुनशीजी म्हणाले, भावाच्या. बोलावलं तर.

मुनशीजींनी पेनाला टोपण लावलं, दस्त उभा फाडला, आडवा फाडला आणि पेटीत टाकला. मी म्हटलं, मुनशीजी, ती नाही म्हणाली नाही. ते म्हणाले, “होय बी म्हटली नाही, काटेवाले. माह्या कागदावर होयच लागते.”

मला आलेला राग मी आजही मोजून सांगू शकत नाही. दर शुक्रवारी चहा पाजलेल्या माणसाने माझा कागद माझ्या बहिणीसमोर फाडला होता. मी ताईला म्हटलं, चल, समोर होतं. ती उठली, लुगड्याची पिशवी उचलली आणि माझ्यामागून रस्ता ओलांडून आली. हेच मला नंतर जास्त टोचलं. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो.

टायपिंगच्या दुकानात नऊ मिनिटांत कागद निघाला. राजीखुशी होती, संबंध नव्हता, आणि तळाशी ती ओळही होती. दुकानदाराने बोट ठेवून दाखवलं, इथे ताई, इथे, आणि इथे. ताईने पेन हातात घेतलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. “तू वाचून दाखव न भाऊ. त्यायनं वाचला तसा. तू म्हटला तं मी करतो सही.”

मी दिवसाला साठ ट्रकांची वजनं ड्रायव्हरला ओरडून वाचून दाखवतो. मला आवाजाची अडचण नाही. पहिला परिच्छेद मी वाचला, गट क्रमांक, चतुःसीमा, सगळं बिनचूक. दुसऱ्या परिच्छेदात ‘माझा व माझ्या वारसांचा’ इथपर्यंत आलो. तिथून पुढे ताईच्या बोलीत, म्हणजे आमच्याच घरच्या बोलीत, ते तिच्या तोंडावर म्हणायचं होतं. दुकानदार म्हणाला, भाऊ, मागं गिऱ्हाईक थांबलं आहे. मी त्याला कागदाचे पैसे दिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ताईला म्हटलं, चल, जेवून घेऊ. ती म्हणाली, सही? मी म्हटलं, राहू दे.

त्यानंतर चार शुक्रवार मी झाडाखाली गेलो नाही. पाचव्या शुक्रवारी गेलो. मुनशीजींनी कुठलीही चौकशी केली नाही, सावकाश चहा घेतला आणि म्हणाले, “काऊन जी, टायपिंगवाल्याची शाई संपली होती का?” मी सांगितलं, नाही, मीच संपलो. त्यावर ते हसले नाहीत. वही काढून त्यांनी ‘राजीखुशी’ची नोंद दाखवली. ती माझ्या कागदाच्या कित्येक वर्षं आधीची होती. जुना कब्जेदार: जो राजी आहे आणि खुश आहे तो. नवा कब्जेदार: बहीण. शेऱ्याचा रकाना कोरा होता. मी विचारलं, इथे काहीच कसं नाही? ते म्हणाले की त्यांनीही ऐन तारुण्यात स्वतःच्या दोन बहिणींचा दस्त लिहिला होता. सुवाच्य अक्षरात. वाचून न दाखवता. दोघीही आता हयात नाहीत. वाचून दाखवायची पद्धत त्यांनी त्यानंतर सुरू केली, आणि शेरा काय लिहावा ते अजून सुचलेलं नाही.

आमच्या सातबाऱ्यावर आज दोन नावं आहेत. जमीन मीच करतो, ताईच्या अर्ध्यातल्या धानाचे कट्टे, म्हणजे पोती, तिच्या घरी पोचवतो आणि तिच्या अर्ध्यात काय लावायचं ते ती फोनवर सांगते. तिच्या सूचना मला पटतातच असं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने बारीक धानाचा आग्रह धरला आणि रोग पडला. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, माझ्या बांधीत पडला ना? गावात लोक मला विचारतात, बहिणीची सही बाकी आहे का अजून? मी म्हणतो, बाकी आहे. एकसष्टांत एक घर मागासलेलं राहिलं, याचं गावाला वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मुनशीजी गेले. दोन महिने आधीपासून त्यांना बसवत नव्हतं. टेबल, स्टूल, पेटी सगळं घरी नेलं होतं. झाडाखालच्या जागेवर लगेच मोटारसायकली लागू लागल्या. ते गेल्याची बातमी तालुक्याच्या मोबाइल गटावर आली आणि संध्याकाळपर्यंत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ शहाऐंशी जणांनी पाठवली. त्यांतल्या कित्येकांना भाव पूर्ण करायला तीन सेकंदही लागले नसावेत. दुसऱ्या दिवशी घाटावर आम्ही एकोणीस जण होतो, खांदेकरी धरून. दहन चाललं होतं तेव्हा वर ते शिकाऊ विमान गिरक्या घेत होतं. मला वर बघावंसं वाटलं नाही.

तेरवीला ताई आली. मी तिला फक्त बातमी कळवली होती, ये म्हटलं नव्हतं. चोरखमाऱ्याहून बस, गाडी आणि शेवटी ऑटो करत ती बिरसीकडच्या त्या खेड्यात माझ्याही आधी पोचली होती. मी गेलो तेव्हा बायकांच्या बाजूला भिंतीशी बसलेली होती. घरचे लोक तिच्याकडे बघून एकमेकांना विचारत होते. नात्यातली नाही, गावातली नाही, मग ही कोण? मुनशीजींना ती आयुष्यात एकदाच, फार तर पंधरा मिनिटं भेटली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. शेवटी मुनशीजींची सून तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, बाई, ओळखलं नाही. बाबांची कोण तुम्ही?

ताईने पदर सारखा केला.

“कोनी नाही,” ती म्हणाली. “त्यायनं माही सही घेतली नाही.”